सतरावी मर्यादा

कामरगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नवं सॉफ्टवेअर चढलं, तेव्हा त्याच्यासोबत बासष्ट पानांचं एक पुस्तक आलं. ते पुस्तक अख्ख्या वाशिम जिल्ह्यात एकाच माणसानं वाचलं, आणि तो माणूस म्हणजे सपना. तिला वाचनाचा फार नाद होता असं नाही. सॉफ्टवेअर चढायला साडेचार तास लागले, त्या खोलीत एक खुर्ची, एक पंखा आणि कपाटाएवढा स्विच सोडून दुसरं काही नव्हतं, आणि मोबाइलची बॅटरी पहिल्याच तासात संपली. मग करणार काय?

स्विच म्हणजे कोणाचा फोन कोणाला जोडायचा हे ठरवणारं यंत्र. त्याला काय काय करता येतं हे पहिल्या अठ्ठावन्न पानांत मोठ्या दिमाखात लिहिलं होतं. शेवटच्या चार पानांवर मात्र बारीक अक्षरात मथळा होता, 'ज्ञात मर्यादा'. म्हणजे या यंत्राला काय येत नाही आणि ते येत नाही हे कंपनीला आधीपासून ठाऊक आहे, त्याची यादी. एकूण तेवीस कलमं. सपनाला ती चार पानं फार आवडली. एखाद्या नवरदेवानं मांडवात उभं राहून आपले दुर्गुण स्वतःच वाचून दाखवावेत, तसं काहीतरी तिला वाटलं. सहावी मर्यादा अशी की स्विच बंद करून पुन्हा चालू केला तर त्याचं घड्याळ थेट १९७० सालच्या एक जानेवारीवर जातं. अकरावी अशी की एकदा खोडलेला नंबर नव्वद दिवस कोणालाच देता येत नाही, ज्याचा होता त्यालासुद्धा नाही. सतरावी तिनं वाचली आणि पान उलटलं. त्या वेळी तिला तिच्यात काही विशेष दिसलं नाही.

सपना कारंज्याला ऑफिसात होती आणि आसपासच्या सात एक्स्चेंजचं काम तिच्याकडे होतं. नोकरीला दीड वर्ष झालेलं. वाशिमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी तिला नोकरीचं सार सांगून टाकलं होतं, "तक्रार आली का बंद करायची. उघडी तक्रार वर दिसते, बंद झालेली दिसत नाही." सपना तक्रारी बंद करी, पण त्याआधी दुरुस्तही करी. त्यामुळे तिला वेळ लागे, आणि साहेबांना तेवढं एकच तिचं खटकत असे.

माघात हरभरा घाटे धरत होता त्या दिवसांत कामरगावहून डॉक्टर अश्वजितची तक्रार आली. अश्वजित गुरांचा डॉक्टर. बसस्टँडमागे त्याचा दवाखाना, आणि दवाखान्यात तीस वर्षांचा जुना फोन नंबर. हा नंबर त्याच्या वडिलांचा, भिवाजींचा. भिवाजी गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. रिटायर झाल्यावर त्यांनी हे दुकान काढलं आणि पंचक्रोशीतल्या भिंतींवर तेलरंगानं तो नंबर लिहून घेतला. भिवाजी जाऊन चार वर्षं झाली होती. भिंतींवरचे नंबर अजून शाबूत होते, आणि तिकडच्या माणसांना गाय अडली की तोच नंबर आठवे.

सपना दवाखान्यात पोचली तर अश्वजित एका बकरीच्या खुरात अडकलेला काटा काढत होता.

"मॅडम, माह्या नंबरवर कोनीतरी बाई बसून राह्यली," तो मान वर न करता म्हणाला.

"बसून राह्यली म्हंजे?"

"म्हंजे लोक फोन करतात मले, अन् उचलते ते. काल एक मानूस म्हशीले घेऊन आला. म्हने, खालानं सांगतलं का डॉक्टरले दाखवाच लागते. म्या म्हटलं, कोन खाला, कोनाची मावशी? तो म्हने, तुमच्या दवाखान्यातली! माह्या दवाखान्यात एक मी हावो अन् एक माही माय. खाला कुठून आली?"

ती माय म्हणजे बेबीताई. आतल्या खोलीत फोनशेजारच्या खुर्चीवर बसून तूर निवडत होत्या. सपनानं त्यांना जयभीम केला. त्यांनी तिचं गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, मामाकडचं विचारलं, आणि ओळख निघाल्याशिवाय तिला फोनला हात लावू दिला नाही. सपनानं वायर तपासली, पेटी तपासली, आपल्या मोबाइलवरून नंबर लावला. समोरचाच फोन वाजला. एक्स्चेंजमध्ये जाऊन स्क्रीनवर पाहिलं, तर नंबर सुरू, लाइन चांगली, कॉल दुसरीकडे वळवण्याच्या रकान्यात 'काही नाही'. तिनं तक्रार बंद केली.

तीन दिवसांनी ती पुन्हा उघडली.

या वेळी सपनानं डॉक्टरला एकच गोष्ट विचारली. खाला सापडते ती कोणत्या वेळी?

अश्वजितनं जरा आठवून पाहिलं. "सकाईच. धा ते बारा. दुपारून कोनाले नाई भेटली ते."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला सपना कारंज्यातूनच तो नंबर लावून पाहायला बसली. दोनदा घंटा वाजली आणि फोन उचलला गेला. म्हाताऱ्या पण खणखणीत आवाजात कोणीतरी म्हणालं, "हां, बोला. कोनतं जनावर हाय?"

सपना इतकी दचकली की काही न बोलता तिनं फोन ठेवून दिला. मग एक्स्चेंजच्या नोंदी उघडल्या. त्यात कोण काय बोललं ते दिसत नाही, कोणती लाइन कधी अडकलेली होती एवढं दिसतं. डॉक्टरची लाइन रोज सकाळी दहाच्या ठोक्याला गुंतत होती आणि बाराच्या सुमारास सुटत होती. रविवार सोडून रोज. नागपूरच्या एकाच नंबरशी.

बेबीताईंची मुलगी धम्मदीपा नागपूरला असते हे सपनाला ओळखपाळख काढताना कळलंच होतं.

तेव्हा तिला सतरावी मर्यादा आठवली. पुस्तक काढलं, पान काढलं. जुन्या एक्स्चेंजमधून आलेले कॉल वळवण्याचे आदेश नवं सॉफ्टवेअर पाळतं, परंतु स्क्रीनवर दाखवत नाही. उपाय, ग्राहकास माहिती द्यावी.

तिनं कंपनीच्या मदत कक्षाला फोन लावला. तिकडचा माणूस फार गोड बोलणारा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा बिघाड नाही, ही ज्ञात मर्यादा आहे. बिघाड असता तर दुरुस्त केला असता. मर्यादा दुरुस्त करण्याची सोय नाही. सपनानं विचारलं, निदान तो आदेश खोडता येईल का? तो म्हणाला, जे दिसत नाही ते खोडणार कसं? नंबरच खोडून नव्यानं टाकला तर जाईल. पण मग अकरावी मर्यादा लागू होईल, नव्वद दिवस.

वाशिमचे साहेब तर खूशच झाले. "पुस्तकातच लिवलं हाय ना? मंग झालं. माहिती द्या अन् बंद करा."

माहिती द्यायची तर कोणाला, ते तरी कळायला हवं. दहा ते बारा हे फोन कुठे वाजतात ते सपनानं नोंदींतून काढलं. कामरगावातलाच नंबर, मशिदीमागच्या गल्लीतला, जैतुनबी यांच्या नावचा.

जैतुनबी सत्तरीच्या. मुलगा फय्याज पुसदला कपड्याचं दुकान चालवतो, नात नमरा तिथंच कॉलेजात. दोन वर्षांपूर्वी फय्याजनं आईसाठी हा फोन बसवून दिला. मोबाइलची बटणं त्यांना दिसत नसत, शिवाय घराच्या जाड भिंतींत रेंजही येत नसे. सपना गेली तेव्हा त्या अंगणात बाजेवर बसल्या होत्या. मांडीवर वही, शेजारी स्टुलावर फोन, आणि दाराशी दोन शेळ्या.

"टेलिफोनवाली हायेस तू? ये बेटा, बस. काहून आली?"

सपनानं सगळं सांगितलं. डॉक्टरांचा फोन अडकलेला असला की त्यांचे कॉल इकडे येतात, यंत्राची एक मर्यादा आहे, ती पुस्तकात लिहिलेली आहे, आणि आपण ही माहिती द्यायला आलो आहोत.

जैतुनबींनी नीट ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे तुह्या मशीनले काय येत नाई, ते तिले मालूम हाय?"

"हाव, खाला. कंपनीले मालूम हाय."

"लय चांगली मशीन हाय मंग. फय्याजच्या अब्बाले जिंदगीभर मालूम नाई पडलं." आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या की दाराशी बांधलेल्या शेळ्यांनीही मान वळवली.

"पन तुमी राँग नंबर म्हनून ठेवून काहून नाई दिला?"

"दिला ना. पह्यले दोन दिवस दिला. तिसऱ्या दिवशी एक बाई रडून राह्यली. शेळीच्या पोटात पिल्लू आडवं. मी चाळीस वर्सं शेळ्या पोसल्या, बेटा. राँग नंबर हाय म्हनून ठेवून देऊ? म्या तिले सांगतलं, हात लावू नको, ओढू नको, रिक्षात टाक अन् डॉक्टरकडे घेऊन जाय. तवापासून मंग मी विचारतेच."

वही नमराची जुनी शाळेची होती. रिकाम्या पानांवर जैतुनबींनी उर्दूत नोंदी केल्या होत्या. गाव, जनावर, काय झालं, काय सांगितलं. औषध त्या कोणालाच सांगत नसत. घाईचं असेल तर "निघा, दवाखान्यात या", नसेल तर "बारा वाजता फोन करा, लाइन सुटते", एवढंच. लाइन बाराला सुटते हे त्यांनी आपल्या अनुभवानंच ताडलं होतं.

"डॉक्टरले काहून नाई सांगतलं?" सपनानं विचारलं.

"सकाई फोन केला त माह्याच घरून लागत नाई. टूं टूं टूं करते. दोनदा केला, मंग सोडून देल्ला."

सपनाला कोडं क्षणात उलगडलं. जैतुनबी डॉक्टरला फोन लावायच्या, डॉक्टरचा अडकलेला असायचा, म्हणून स्विच तो जैतुनबींकडेच वळवायचा, आणि जैतुनबींचा फोन तर जैतुनबींच्याच कानाला. हे मात्र पुस्तकाच्या तेवीस कलमांत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. जैतुनबींनी चष्मा सारखा केला.

"हां, बोला. कोनतं जनावर?"

पलीकडून इतक्या मोठ्यानं बोलणं चाललं होतं की सपनालाही ऐकू येत होतं. जवळच्या तांड्यावरचा रूपला होता. त्याचा बैल रात्री सुटून हरभऱ्यात शिरला, पोटभर हिरवा चरला आणि आता फुगला होता.

"डावी बाजू फुगली का दोन्ही?" जैतुनबींनी विचारलं. "डावी? बरं. उभा हाय ना? बसू देऊ नको त्याले, काही झालं तरी बसू देऊ नको. समोरचे पाय उंचावर घे, बांधावर घे. तोंडात निंबाची काडी आडवी बांध, लाळ गळू दे. तेल पाजू नको, ठसका लागंल. मी डॉक्टरले धाडून राह्यली." फोन ठेवून त्या सपनाकडे वळल्या. "गाडी आनली ना तू?"

सपनानं विचारलंही नाही. स्कूटी काढली आणि गल्लीतून अशी सुटली की वाटेतल्या कोंबड्या उडून भिंतीवर बसल्या.

दवाखान्यात बेबीताई फोनवर होत्या. "...मंग त्याईनं म्हटलं का हळद तुमीच करा, म्या म्हटलं..." एवढं सपनाच्या कानावर पडलं. ती थेट अश्वजितकडे गेली. रूपलाचं नाव सांगितलं, बैलाचं सांगितलं, डावी बाजू सांगितली. अश्वजितनं एक प्रश्न विचारला नाही. पोटात टोचायची जाड सुई, नळी आणि बाटली पिशवीत टाकली आणि मोटरसायकलला किक मारली.

दीड तासानं तो परत आला. बाह्यांवर फेस, बुटांना चिखल, पण चेहरा उजळलेला.

"वाचला," खुर्चीत बसत तो म्हणाला. "बांधावर चढवून ठेवला व्हता, तोंडात काडी. अर्धं काम झालंच व्हतं. रूपला म्हने, खालानं सांगतलं." मग त्यानं सपनाकडे पाहिलं. "तुमाले कोनं सांगतलं?"

"खालानंच."

मग सगळं सांगावंच लागलं. फोन कुठे वळतो, कोण उचलतं, कसा वळतो. कोणाच्या बोलण्यामुळे अडकतो, ते सांगायचं नाही असं सपनानं ठरवलं होतं. ग्राहकाच्या नोंदी ग्राहकाच्या घरातही फोडायच्या नसतात. पण अश्वजित काही दूधखुळा नव्हता. त्यानं आतल्या खोलीकडे पाहिलं. आतून सुपात तूर जरा जास्तच जोरात पाखडल्याचा आवाज आला.

"पन हा आदेश लावला कोनं?" त्यानं विचारलं. "म्या त कदी काई लावलं नाई."

याचं उत्तर आतून आलं. बेबीताई सूप घेऊनच दारात उभ्या होत्या.

"तुह्या बापानं लावलं व्हतं. आपन मशिदीमागच्या घरात राहत व्हतो ना, तवा. तिथी दुसरा फोन व्हता. हे दवाखान्यात एकटे, सुई टोचतील का फोन उचलतील? मंग त्याईनं टेलिफोनवाल्याले सांगून तसं करून घेतलं. हा फोन गुंतला का घरी वाजे. मी उचलो. कोनतं जनावर, काय झालं, सगळं मी लिहून ठेवो." त्या थांबल्या. "घर सोडलं तवा तो फोन देऊन टाकला वापस."

तो वापस दिलेला नंबरच पुढे फिरत फिरत जैतुनबींच्या वाट्याला आला होता. जुन्या एक्स्चेंजमध्ये तो आदेश कुठेतरी निपचित पडून होता. नव्या सॉफ्टवेअरनं सगळी माहिती उचलली, तो जागा झाला, आणि कामाला लागला.

अश्वजित बुटांचा चिखल खरवडायला लागला. बापानं लावून दिलेली एक गोष्ट तो गेल्यावर चार वर्षांनीही चालते आहे, आणि आपण तिचीच तक्रार केली, हे त्याला कुठेतरी लागलं असावं. पण तो व्यवहारी माणूस होता. "मॅडम, पाह्य," तो सावकाश म्हणाला, "खाला भली हाय. पन उद्या ते पुसदले गेली, अन् घराले कुलूप असलं, अन् कोनाची गाय अडली त? फोन वाजते, कोनी उचलत नाई. हे असं आपोआप नको. काढून टाका."

सपनालाही ते पटलं. काढायचं कसं हा प्रश्न होता. नंबर खोडायचा तर नव्वद दिवस भिंतीवरचा तो नंबर मुका होणार. राहिला एकच रस्ता. स्विच पूर्ण बंद करून कोरा चालू करायचा. मग जे स्क्रीनवर आहे तेवढंच तो पुन्हा उचलेल, आणि जे दिसत नाही ते जाईल. असं पुस्तकात कुठेच म्हटलेलं नव्हतं. तेवीस मर्यादा तीनदा वाचून सपनानं स्वतः तसा कयास बांधला होता. साहेबांना अकरा मिनिटांची परवानगी मागितली. साहेबांनी दोन दिवस घेतले. तिनं दोन दिवस रोज फोन केला. तिसऱ्या दिवशी कंटाळून ते म्हणाले, "करा बाई. पन चालू नाई झाला त मले फोन करू नका."

सोमवारी दुपारी तीनला तिनं बटण दाबलं. पंखे थांबले. कपाटावरचे हिरवे दिवे एकेक करून विझले आणि कामरगावच्या साडेतीनशे घरांतले फोन गप्प झाले. सपना खुर्चीत बसली. सहाव्या मिनिटाला तिला वाटलं, आपली नोकरी गेली. नवव्या मिनिटाला एक दिवा लुकलुकला. अकराव्याला सगळं पूर्ववत, फक्त स्क्रीनवर तारीख १ जानेवारी १९७०. तिनं हसत हसत घड्याळ छप्पन वर्षं पुढे आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टरचा नंबर लावला. टूं, टूं, टूं. सतरावी मर्यादा कामरगावपुरती संपली होती.

तिला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण तो दुपारपर्यंतच टिकला. दुपारी ती जैतुनबींना सांगायला गेली. वही मिटून उशीखाली ठेवलेली होती. फोनवर क्रोशाचा रुमाल घातला होता.

"मालूम पडलं," जैतुनबी म्हणाल्या. "सकाईपासून एकबी नाई आला. बरं झालं, बेटा. डोकं खात व्हते." मग शेळीला पाला टाकत पुढे म्हणाल्या, "त्या रूपलाच्या बैलाचं काय झालं, तेवढं कोनं सांगतलं नाई मले."

सपनानं सांगितलं. वाचला. चरायला लागला. जैतुनबींनी मान डोलावली आणि चहा ठेवायला उठल्या.

आठवडाभरात डॉक्टरच्या नंबराविषयी पाच तक्रारी आल्या, पाचही बाहेरच्या लोकांच्या. फोन बिघडला आहे, सकाळी लागतच नाही, पहिल्यासारखा करून द्या. सहावा म्हणून खुद्द अश्वजित कारंज्याच्या ऑफिसात येऊन उभा राहिला. हातात फॉर्म, फॉर्मवर दोन सह्या. एक त्याची, एक उर्दूत.

"वळवून द्या," तो म्हणाला.

"आत्ताच त काढलं!"

"तवा मले न विचारता व्हतं. आता विचारून हाय. खाला गावाले जाईल तवा सांगंल, मी बंद करीन. तिच्या अटी हायेत. जुम्म्याच्या दुपारी फोन नाई. अन् ज्या जनावराचं ते सांगंल, त्याचं पुढं काय झालं ते म्या रोज संध्याकाई तिले कळवाचं."

"अन् मायले बोलन्याचं..." सपनानं जपून सुरुवात केली.

"मायले कोन बोलनार?" अश्वजित म्हणाला. "तुमी बोलता?"

सपनानं फॉर्म घेतला आणि तिथंच बसून आदेश टाकला. या वेळी तो स्क्रीनवर स्वच्छ दिसत होता, रकान्यात, तारखेसकट.

चार दिवस सगळं सुरळीत चाललं. पाचव्या दिवशी बेबीताईंनी तूर निवडणं अर्धवट सोडलं, नवं लुगडं नेसल्या आणि आपलं काम आता कोण करते ते बघून येते म्हणून मशिदीमागच्या गल्लीत गेल्या. पंधरा वर्षांनी त्या गल्लीत पाऊल टाकत होत्या. जैतुनबींनी त्यांना बाजेवर बसवलं. आधी शेळ्यांची चौकशी झाली, मग भिवाजींच्या आठवणी, मग धम्मदीपाच्या सासूच्या, मग नमराच्या कॉलेजच्या. फोन मध्ये एकदाही वाजला नाही. वाजेल कसा? बेबीताई इकडे बसलेल्या, त्यामुळे दवाखान्याची लाइन सकाळभर मोकळी होती, आणि आलेला प्रत्येक फोन एका हातानं म्हैस आवरत अश्वजितला स्वतःच उचलावा लागला. साडेबारा वाजून गेले तरी आई परतली नाही, तेव्हा त्यानं जैतुनबींच्या घरी फोन केला.

जैतुनबींनी उचलला. "हां, इथंच हाय," त्या म्हणाल्या. "जेवूनच येईल. तुले काई घाई हाय का?"